आकडा ९९, तरी रुग्ण गुंगीत: एका रात्रीचं प्रकरण

स्ट्रेचर आत आलं तेव्हा सोबतच्या मुलीचा जीव भांड्यात पडलेला दिसत होता. "डॉक्टर, निघालो तेव्हा ७८ होता, आता ९९ आहे. धापही थांबली. बाबांना आता कुठे झोप लागलीय."

मी बाबांचा हात हातात घेतला. गरम, घामेजलेला. नाडी बोटांखाली जोरजोरात उडत होती. मोठ्याने हाक मारली तर डोळे किलकिले झाले, काहीतरी पुटपुटले, पुन्हा मिटले. हात पुढे करून पंजे ताठ धरायला सांगितलं. दुसऱ्यांदा ओरडून सांगितल्यावर त्यांनी ते केलं आणि मनगटं पंख फडफडावेत तशी खाली-वर झाली. श्वास मिनिटाला १४, पण इतके उथळ की छाती हलतेय की नाही हे वाकून पाहावं लागत होतं. ती झोप नव्हती. रक्तात कार्बन डायऑक्साइड साचल्यावर येणारी गुंगी होती.

हे प्रकरण सविस्तर लिहायचं कारण एकच. बोटाला लावलेलं यंत्र एकाच वायूची, ऑक्सिजनची, खबर देतं, दुसऱ्याबद्दल, कार्बन डायऑक्साइडबद्दल, ते पूर्ण मुकं असतं. आणि अशा रुग्णाला भरपूर ऑक्सिजन दिल्यावर कार्बन डायऑक्साइड का चढतो याचं जे उत्तर आम्ही विद्यार्थीदशेत पाठ केलं, ते अर्धंच खरं आहे. (ओळख पटू नये म्हणून काही तपशील बदलले आहेत.)

दाखल होताना

वय ६७. चाळीस वर्षं धूम्रपान, सहा वर्षांपूर्वी सोडलेलं. फुप्फुसांचा जुनाट अडथळ्याचा आजार, म्हणजे सीओपीडी. तीन दिवस खोकला वाढलेला, कफ पिवळा झालेला, त्या संध्याकाळी एक वाक्यही सलग बोलता येईना. रुग्णवाहिका पोचली तेव्हा साध्या हवेवर ऑक्सिजनची संपृक्तता (रक्तातलं हिमोग्लोबिन ऑक्सिजननं किती भरलंय तो आकडा) ७८ टक्के आणि श्वास मिनिटाला ३४. पिशवीवाला मास्क लावून मिनिटाला १५ लिटर ऑक्सिजन सुरू केला गेला. प्रवास पन्नास मिनिटांचा. ७८ हा आकडा घाबरवणाराच आहे. त्या क्षणी ऑक्सिजन देणं चूक नव्हतं. तो किती द्यायचा आणि कुठे थांबायचं, हे कुणी ठरवलं नाही.

मनगटाच्या धमनीतून रक्त घेऊन एबीजी, म्हणजे रक्तातले वायू आणि आम्लता मोजणारी तपासणी, केली. पीएच ७.२२, कार्बन डायऑक्साइडचा दाब ८८ मिलिमीटर पारा, बायकार्बोनेट ३५, ऑक्सिजनचा दाब १७०. निरोगी माणसात कार्बन डायऑक्साइड ३५ ते ४५च्या दरम्यान असतो आणि पीएच ७.३५च्या खाली जात नाही; तो जितका खाली, तितकी रक्तातली आम्लता जास्त.

मुलीच्या पिशवीत जुन्या तपासण्यांची फाईल होती. तिच्यात काही महिन्यांपूर्वीची, तब्येत स्थिर असतानाची एबीजी सापडली: पीएच ७.३९, कार्बन डायऑक्साइड ५५, बायकार्बोनेट ३२, ऑक्सिजन ५८. त्या रात्री तो कागद फार उपयोगी पडला. या माणसाचं शरीर ५५वर जगायला शिकलेलं होतं. मूत्रपिंडांनी बायकार्बोनेट धरून ठेवून आम्लता सांभाळून घेतली होती. म्हणजे ८८ मधली नवी, ताजी वाढ ३३ मिलिमीटरची होती. मूत्रपिंडांना अशी वाढ सावरायला दिवस लागतात. इथे तासभरही मिळाला नव्हता, म्हणून पीएच कोसळला.

९९ म्हणजे किती ऑक्सिजन?

एक ग्रॅम हिमोग्लोबिन पूर्ण भरलं की सुमारे १.३४ मिलिलिटर ऑक्सिजन धरतं. यांचं हिमोग्लोबिन १५. म्हणजे ९९ टक्के संपृक्ततेला १०० मिलिलिटर रक्तात साधारण १९.९ मिलिलिटर ऑक्सिजन बांधलेला आणि अर्धा मिलिलिटर प्लाझ्मात विरघळलेला, एकूण २०.४. हाच हिशोब ९० टक्क्यांना केला तर येतो १८.३. ७८ला १५.८.

हे तीन आकडे मी निवासी डॉक्टरला कागदावर मांडायला सांगितले. ७८वरून ९०वर जाण्यात या माणसाचा बराच फायदा होता. ९०वरून ९९वर जाण्यात दोन मिलिलिटरच हाती लागले. ऑक्सिजन-हिमोग्लोबिनचा आलेख इंग्रजी एस अक्षरासारखा असतो. दाब ६०च्या आसपास गेला की संपृक्तता ९०वर पोचते आणि तिथून पुढे आलेख जवळजवळ आडवा होतो. त्या सपाट पट्ट्यात दाब ६०चा १७० केला तरी पेशींना मिळणारा माल फारसा वाढत नाही. त्या दोन मिलिलिटरसाठी मोजलेली किंमत मात्र दुसऱ्या वायूच्या रकान्यात लिहिलेली होती, आणि रुग्णवाहिकेत तो रकाना वाचायची सोय नव्हती.

कार्बन डायऑक्साइड वाढला कशामुळे?

निवासी डॉक्टरनं लगेच उत्तर दिलं, "सर, हायपॉक्सिक ड्राइव्ह गेला." म्हणजे ऑक्सिजन कमी पडल्यामुळे श्वासाला मिळणारी चालना गेली. हे उत्तर पिढ्यान्‌पिढ्या दिलं जातं, म्हणून आधी तेच नीट पाहू.

श्वासाची लय मेंदूच्या तळाशी, मस्तिष्कपुच्छात तयार होते. तिथला प्रीबोट्झिंगर नावाचा पेशींचा छोटा समूह लय धरतो, हे १९९१मध्ये दाखवलं गेलं. लयीचा वेग आणि खोली ठरवण्यासाठी खबर दोन ठिकाणांहून येते. मस्तिष्कपुच्छाच्या पुढच्या पृष्ठभागाजवळचे रसायनग्राही मेंदूभोवतीच्या द्रवातली आम्लता मोजतात. रक्तातला कार्बन डायऑक्साइड रक्त-मेंदू अडथळा सहज ओलांडतो, पाण्याशी संयोग पावून आम्ल बनतो आणि हे ग्राही श्वास वाढवायला लावतात. श्वास कोंडून धरल्यावर जी असह्य ओढ लागते तिच्यात मोठा वाटा याच खबरेचा. निरोगी माणसाचा दर मिनिटाचा श्वास कार्बन डायऑक्साइडच्या तालावर चालतो हे हॉल्डेन आणि प्रिस्टली यांनी १९०५मध्येच दाखवलं होतं. ऑक्सिजनची खबर दुसरीकडून येते, मानेत कॅरोटिड धमनी जिथे दुभंगते तिथल्या तांदळाच्या दाण्याएवढ्या कॅरोटिड बॉडीकडून. हे काम उलगडणाऱ्या कोर्नेय हेमान्स यांना १९३८चं नोबेल मिळालं. ऑक्सिजनचा दाब ६०च्या खाली घसरू लागला की ही ग्रंथी जोरात बोलू लागते, त्याआधी तिचा आवाज क्षीणच असतो.

आता आमचे रुग्ण. महिनोन्‌महिने कार्बन डायऑक्साइड ५५ राहिल्यावर मेंदूभोवतीच्या द्रवातही बायकार्बोनेट वाढतं आणि आम्लता बुजवली जाते. मध्यवर्ती ग्राहींची धार बोथट होते. मग कॅरोटिड बॉडीच्या ओरडण्याला जास्त महत्त्व येतं. तिला भरपूर ऑक्सिजन पाजून गप्प केलं की श्वास मंदावतो. पाठ्यपुस्तकातलं स्पष्टीकरण इथे संपतं.

त्यात तथ्य नाही असं मी म्हणणार नाही. पण १९८०मध्ये ऑबिए आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी श्वसन बिघडलेल्या सीओपीडीच्या रुग्णांना ऑक्सिजन देऊन मोजमाप केलं, तेव्हा असं दिसलं की श्वासाचं एकूण आकारमान सुरुवातीला घटलं, पण पंधरा मिनिटांनी ते मूळच्या ९३ टक्क्यांपर्यंत परतलं होतं. कार्बन डायऑक्साइड मात्र सरासरी २३ मिलिमीटरनं चढलेला! श्वासात सात टक्क्यांची घट आणि एवढी मोठी चढण, हे गणित एकट्या ड्राइव्हवर जुळत नाही. आणखी दोन गोष्टी घडत असतात, आणि मला त्याच जास्त मोलाच्या वाटतात.

पहिली फुप्फुसातली. फुप्फुसाच्या ज्या भागात हवा नीट पोचत नाही तिथल्या रक्तवाहिन्या आपोआप आकसतात आणि रक्त चांगल्या भागाकडे वळवतात. फॉन ऑयलर आणि लिलजेस्ट्रांड यांनी १९४६मध्ये मांजरांवरच्या प्रयोगांत हे दाखवलं. सीओपीडीच्या रुग्णाचं फुप्फुस ठिकठिकाणी बिघडलेलं असतं. वर्षानुवर्षं हीच व्यवस्था कुठे किती रक्त पाठवायचं ते सांभाळत असते. वाहिनी आकसते ती वायुकोशातल्या, म्हणजे फुप्फुसातल्या हवेच्या इवल्या पिशवीतल्या, कमी ऑक्सिजनमुळे. आपण १५ लिटर ऑक्सिजन सोडला की तो रेंगाळत का होईना त्या तुंबलेल्या वायुकोशांतही पोचतो. वाहिन्यांना वाटतं सगळं ठीक झालं, त्या सैलावतात. रक्त पुन्हा त्या कोंदट कोपऱ्यांत शिरतं. तिथे ऑक्सिजन आहे, पण हवेची ये-जा नाही, म्हणून कार्बन डायऑक्साइड बाहेर टाकला जात नाही. रक्त आपलं ओझं न उतरवताच परत फिरतं. आणि चांगल्या भागात आलेली हवा पुरेसं रक्त न मिळाल्यानं वाया जाते.

दुसरी गोष्ट रक्तातली, आणि तिथे मी नेहमी थोडा जास्त वेळ थांबतो. विश्रांतीतलं शरीर मिनिटाला सुमारे २०० मिलिलिटर कार्बन डायऑक्साइड तयार करतं. त्यातला जेमतेम दहावा हिस्सा प्लाझ्मात विरघळून जातो. बहुतेक, साधारण सत्तर टक्के, तांबड्या पेशीत शिरतो. तिथलं कार्बोनिक अनहायड्रेज हे विकर त्याला क्षणार्धात पाण्याशी जोडतं आणि त्यातून बायकार्बोनेट व हायड्रोजन आयन निघतात. बायकार्बोनेट पेशीबाहेर जातं, बदल्यात क्लोराइड आत येतं. हायड्रोजन आयन हिमोग्लोबिन पकडून ठेवतं. उरलेला, साधारण पाचवा हिस्सा, थेट हिमोग्लोबिनच्या प्रथिनाला चिकटतो.

म्हणजे हिमोग्लोबिन दोन्ही वायूंचा हमाल आहे, आणि एका वायूचं ओझं घेतलं की दुसऱ्याची जागा कमी होते. ऑक्सिजन सोडलेलं हिमोग्लोबिन हायड्रोजन आयन आणि कार्बन डायऑक्साइड अधिक सहज उचलतं. ऑक्सिजनानं भरलेलं हिमोग्लोबिन त्यांना झटकून टाकतं. क्रिस्टियानसन, डग्लस आणि हॉल्डेन यांनी १९१४मध्ये हे नोंदवलं, म्हणून याला हॉल्डेन परिणाम म्हणतात. निरोगी शरीरात ही रचना फार सुंदर काम करते. पेशींजवळ ऑक्सिजन उतरला की त्याच फेरीत कार्बन डायऑक्साइड चढतो, फुप्फुसात ऑक्सिजन चढला की तो उतरतो.

आमच्या रुग्णाचं हिमोग्लोबिन ७८वरून ९९वर नेलं तेव्हा त्यानं झटकलेला कार्बन डायऑक्साइड कुठे जाणार? निरोगी माणूस दोन खोल श्वास जास्त घेऊन तो बाहेर फेकतो. इथे छाती आधीच हवेनं फुगलेली, श्वासपटल दाबून सपाट झालेलं, स्नायू तीन दिवस राबून थकलेले. जास्तीचा श्वास आणायचा कुठून? रक्तातला दाब चढत गेला. तो चढला की गुंगी येते, गुंगीत श्वास आणखी उथळ होतो, आणि दाब आणखी चढतो. मुलीला जी धाप थांबल्यासारखी वाटली ती या टप्प्यावर थांबली होती.

ऑक्सिजन एकदम काढायचा नाही

एबीजी पाहताच निवासी डॉक्टरचा हात मास्ककडे गेला. "सर, काढून टाकू?" मी त्याचा हात धरला. त्या रात्रीची दुसरी चूक तिथे झाली असती, आणि ती पहिलीपेक्षा जास्त घातक ठरली असती.

हिशोब साधा आहे. समुद्रसपाटीला नाकातून आत शिरलेल्या दमट हवेत ऑक्सिजनचा दाब सुमारे १५० मिलिमीटर असतो. वायुकोशात त्याला कार्बन डायऑक्साइडबरोबर जागा वाटून घ्यावी लागते. त्या १५०मधून कार्बन डायऑक्साइडचा दाब भागिले ०.८ एवढा वजा करायचा. स्थिर असताना यांचा दाब ५५, म्हणजे वजा ६९, उरले ८१. आता दाब ८८, म्हणजे वजा ११०, उरले ४०. वायुकोशातच ४०! धमनीतला दाब त्याहूनही कमी. मास्क काढला असता तर काही मिनिटांत ते घरी होते त्याहून वाईट अवस्थेत गेले असते, कारण ऑक्सिजनचा साठा मिनिटांत संपतो, तर ऊतींमध्ये भिनलेला कार्बन डायऑक्साइड धुऊन निघायला तास लागतात. हृदय त्या खड्ड्यात थांबू शकतं.

म्हणून १५ लिटरचा मास्क उतरवून २८ टक्क्यांचा व्हेंचुरी मास्क लावला. या मास्कच्या नळीत ऑक्सिजनचा झोत अरुंद छिद्रातून जातो आणि बाजूच्या खिडक्यांतून ठरावीक प्रमाणात हवा ओढून घेतो. रुग्ण कसाही श्वास घेवो, त्याला मिळणारं प्रमाण जवळपास तेवढंच राहतं. कॅम्पबेल यांनी १९६०मध्ये तो नेमका अशाच रुग्णांसाठी मांडला होता. लक्ष्य ठरवलं ८८ ते ९२ टक्के, आणि ते पलंगाच्या पाटीवर मोठ्या अक्षरात लिहिलं. परिचारिका ताईंनी विचारलं, "९३ झाला तर?" "तर कमी करायचा, आणि मला बोलवायचं."

लगोलग बायपॅप, म्हणजे घट्ट मास्कमधून दाबानं हवा देणारं यंत्र, लावला. पीएच ७.३५च्या खाली आणि कार्बन डायऑक्साइड चढा असेल तर नुसत्या औषधांवर वाट पाहत बसू नये. श्वास आत घेताना १२चा दाब, सोडताना ५चा, पुढे हळूहळू वरचा दाब १८पर्यंत नेला. यंत्र थकलेल्या स्नायूंचं ओझं उचलतं, प्रत्येक श्वास मोठा करतं. गुंगीतला रुग्ण मास्क सहन करेल का, उलटी झाली तर काय, ही भीती खरी असते. म्हणून पहिला तास मी पलंगापासून हललो नाही आणि श्वासनलिकेत नळी घालायची तयारी हाताशी ठेवली. सॅल्ब्युटॅमॉल आणि इप्राट्रोपियमची वाफ, स्टिरॉइड, प्रतिजैविक हे ओघानं सुरू झालंच. त्यात एक गोष्ट मुद्दाम सांगतो, कारण ती हमखास निसटते: वाफ हवेच्या कॉम्प्रेसरवर दिली. नेब्युलायझर ऑक्सिजनवर चालवला की मागच्या दारानं पुन्हा ६ ते ८ लिटर आत जातो, आणि पाटीवरचं लक्ष्य पाटीवरच राहतं.

पुढचे तास

पहाटे, दोन तासांनी: पीएच ७.३०, कार्बन डायऑक्साइड ७१, ऑक्सिजन ६०, संपृक्तता ९०. आकड्यांच्या आधी रुग्णानं सांगितलं होतं. तासाभरातच त्यांनी डोळे उघडले आणि मास्क टोचतो अशी हातवाऱ्यानं तक्रार केली. तक्रार करणारा रुग्ण पाहून इतकं बरं क्वचित वाटतं. मुलगी मात्र मॉनिटरकडे पाहून कासावीस झाली. "रात्री ९९ होता, आता ९०च? बाबा खालावले का?"

तिला बाजूला बसवून समजावायला दहा मिनिटं लागली. ऑक्सिजन कमी ठेवणं म्हणजे कंजुषी करणं नाही, हे कुटुंबाला सांगितलं नाही तर कुणीतरी प्रेमापोटी नॉब फिरवतं. तिला मी आकड्यांऐवजी बाबांकडे पाहायला सांगितलं. ९९ला ते ओळखत नव्हते, ९०ला त्यांनी तिला नावानं हाक मारली.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी पीएच ७.३६, कार्बन डायऑक्साइड ५८. बायपॅप आधी दिवसाचा सुटला, मग रात्रीचाही. आठव्या दिवशी ते घरी गेले.

विभागाच्या बैठकीत मी हे प्रकरण मांडलं तेव्हा रुग्णवाहिकेतल्या तंत्रज्ञालाही बोलावलं होतं. दोष द्यायला नव्हे. ७८ दिसल्यावर त्यानं जे केलं ते बहुतेकांनी केलं असतं. पण याला पुरावा आहे, म्हणून तो समोर ठेवला. ऑस्ट्रेलियातल्या टास्मानियात रुग्णवाहिकांमध्येच एक चाचणी झाली होती, २०१०मध्ये प्रसिद्ध झाली. ४०५ रुग्ण. एका गटाला भरपूर ऑक्सिजन, दुसऱ्याला ८८ ते ९२ टक्क्यांच्या बेतानं. सीओपीडीचं निदान पक्कं असलेल्यांमध्ये पहिल्या गटात ९ टक्के दगावले, दुसऱ्यात २ टक्के. हातातलं औषध तेच, फरक फक्त मापाचा. तंत्रज्ञानं व्यवहाराचा प्रश्न विचारला: "सीओपीडी आहे हे मला घरात शिरल्यावर कळणार कसं?" प्रश्न रास्त होता. त्यानंतर अशा प्रत्येक रुग्णाला घरी सोडताना आम्ही एक कार्ड देऊ लागलो. त्यावर आधी कार्बन डायऑक्साइड साचल्याची नोंद, लक्ष्य आणि कोणता मास्क वापरायचा, एवढंच.

सहा आठवड्यांनी ते तपासणीला चालत आले. स्थिर अवस्थेतला ऑक्सिजनचा दाब ५३. तीन आठवड्यांनी पुन्हा मोजला, तोही ५५च्या खालीच. म्हणून घरी ऑक्सिजन सुरू केला, मिनिटाला एक लिटर, दिवसातून किमान पंधरा तास. त्या प्रवाहावर पुन्हा एबीजी केली, कार्बन डायऑक्साइड ५६वरच थांबला होता. घरच्या ऑक्सिजनची ही दुसरी तपासणी मी कधीही टाळत नाही.

निघताना मुलीनं विचारलं, "रात्री बोटावर ८९ दिसला तर वाढवू का?"

"नाही. पण सकाळी डोकं दुखतंय म्हणाले, दिवसा बोलता बोलता डुलक्या लागल्या, किंवा हाक मारून नीट जागे झाले नाहीत, तर आकडा कितीही चांगला असो, लगेच घेऊन या. आणि कार्ड आधी दाखवा."

तिनं पर्समधून पेन काढलं, चिकटपट्टीच्या तुकड्यावर '८८ ते ९२' लिहिलं आणि तो तुकडा घरी नेऊन यंत्राच्या नॉबशेजारी लावण्यासाठी कार्डाच्या मागे चिकटवून ठेवला.